बोरीबंदरची जीपीओ: तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात आपण एका घुमटाचा फोटो छापला आणि ओळखा बघू कुठला म्हणून विचारलं. निम्म्या लोकांनी विजापूर लिहिलं, बऱ्याच जणांनी मुंबईचं म्युझियम लिहिलं, आणि ज्यांनी बरोबर ओळखलं त्यांनी उत्तरासोबत इतके प्रश्न धाडले की यावेळचं पूर्ण सदर त्यांनाच देतेय. फोटो मुंबईच्या जीपीओचा होता, म्हणजे जनरल पोस्ट ऑफिसचा, बोरीबंदरला सीएसएमटीच्या शेजारचा. माझे बाबा टपाल खात्यात सॉर्टिंगला होते आणि शाळेला सुट्टी लागली की कधीमधी मला तिकडे घेऊन जायचे, त्यामुळे या इमारतीवर माझा जीव आहे हे आधीच सांगून टाकते.

ताई, जीपीओ म्हणजे गोलघुमटाची सरळ सरळ कॉपी आहे असं आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलंय. खरंय का? की नुसतं फॉरवर्ड? (एक वाचक, डोंबिवली)

काका, फॉरवर्डमधलं अर्धं खरं आहे. कल्पना विजापूरच्या गोलघुमटावरूनच घेतलीय, त्यात वाद नाही. जॉन बेग म्हणून मुंबई सरकारचे कन्सल्टिंग आर्किटेक्ट होते, त्यांनी १९०२ मध्ये हे डिझाइन केलं आणि त्यांच्या हाताखाली जॉर्ज विटेट होते, तेच ते ज्यांनी पुढे गेटवे ऑफ इंडिया आणि काळा घोड्याचं म्युझियम केलं. बांधकाम १ सप्टेंबर १९०४ ला सुरू झालं ते ३१ मार्च १९१३ ला संपलं, म्हणजे साडेआठ वर्षं, आणि खर्च आला १८ लाख ९ हजार रुपये.

पण कॉपी म्हणाल तर तशी नाही. गोलघुमटाचा घुमट बाहेरून साधारण १४४ फूट व्यासाचा, जीपीओचा ६५ फूट, म्हणजे निम्म्याहूनही लहान. आणि मुख्य फरक आतला. गोलघुमट ही महंमद आदिलशहाची कबर, आत एकच प्रचंड दालन, शांतता पाहिजे म्हणून बांधलेलं. जीपीओचा घुमट उलट्या कामासाठी, खाली दिवसभर माणसांची वर्दळ असणार, खिडक्यांपुढे रांगा लागणार, शिक्के आपटत राहणार, तर त्या गर्दीच्या डोक्यावर मोकळी हवा आणि वरून उजेड पाहिजे म्हणून. घेतलं काय तर चौकोनी पायावर गोल घुमट बसवायची ती ऐट, कोपऱ्यांचे मिनार, कमानी. बाकी इमारत ऑफिसाचीच आहे, खिडक्या, व्हरांडे, जिने, लांबच लांब बाजू, एकूण जागा साधारण १ लाख २० हजार चौरस फूट.

दगड बघितलाय का कधी जवळ जाऊन? लांबून सगळं काळपट दिसतं पण तीन रंग आहेत. मूळ भिंती आपल्या इथल्या काळ्या बेसॉल्टच्या, त्यावर कुर्ल्याच्या खाणीतला पिवळसर दगड, आणि पांढरा आहे तो ध्रांगध्राचा, म्हणजे पार सौराष्ट्रातून आणलेला. पाऊस पडून गेल्यावर बघा, काळा दगड ओला होऊन आणखी काळा होतो आणि पिवळा एकदम उठून दिसतो. कुर्ल्याला खाण होती हे आज तिथल्या माणसाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. विजापूर आज कर्नाटकात आहे म्हणून आपल्याला वाटतं की बेगसाहेब कुठल्या तरी परप्रांतातून नमुना घेऊन आले. तसं नव्हतं, १९५६ पर्यंत विजापूर जिल्हा मुंबई राज्यातच होता, आधी मुंबई इलाख्यात. म्हणजे मुंबई सरकारच्या आर्किटेक्टला गोलघुमट हा आपल्याच इलाख्यातला नमुना होता. आणि आपल्यालाही तो काही परका नाही, शहाजीराजे ज्याच्या दरबारात होते आणि शिवाजी महाराजांनी ज्याच्या मुलखात पहिले किल्ले घेतले तोच हा महंमद आदिलशहा, १६५६ मध्ये गेला. त्याच्या कबरीचा घुमट अडीचशे वर्षांनी बोरीबंदरला पोस्टाच्या डोक्यावर येऊन बसला, मला तर हे दर वेळी नव्याने नवल वाटतं.

शेजारी व्हीटी स्टेशन आहे, समोर महापालिका आहे, दोन्ही एका वळणाच्या. मग मधेच पोस्टाला असा मुसलमानी घुमट का दिला? (एक वाचक, नाशिक)

प्रश्न छान आहे कारण त्या चौकात उभं राहिलं की वीस-पंचवीस वर्षांत सरकारच्या डोक्यात काय बदललं ते दगडात दिसतं. व्हीटी, म्हणजे आजचं सीएसएमटी, १८७८ ते १८८८ मध्ये झालं, महापालिकेची इमारत १८९३ ला पुरी झाली, दोन्ही फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या, दोन्ही गॉथिक वळणाच्या, म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चसारखं ते टोकदार कमानींचं काम, त्यात आपल्याकडची नक्षी आणि घुमट मिसळलेले. महापालिकेसाठी रॉबर्ट चिझम यांनी हिंदुस्थानी वळणाचं डिझाइन दिलं होतं, पण काम मिळालं स्टीव्हन्सना. तेव्हा मुंबईचा कल तिकडेच होता.

विसावं शतक लागता लागता वारं फिरलं. इथल्या सरकारी इमारती इथल्याच वाटल्या पाहिजेत असं म्हणणारे आर्किटेक्ट पुढे आले, बेग त्यातलेच. त्यात राजकारण होतंच, आम्ही कोणी उपरे नाही, बादशहा-सुलतानांच्या मागून गादीवर आलेले आहोत हे लोकांच्या मनावर ठसवायचं तर सुलतानांचाच घुमट घ्यावा हे सरळ आहे. पण मला विचाराल तर नुसतं राजकारण म्हणून सोडून देऊ नये. विजापूरचं काम ज्याने नीट डोळे उघडून बघितलं असेल त्यालाच ते बोरीबंदरच्या गर्दीत बसवता येईल. इथल्या उन्हाला खोल सावलीचे व्हरांडे पाहिजेत, पावसाला पुढे आलेले छज्जे पाहिजेत, ते विजापूरच्या गवंड्यांना आधीच कळलं होतं, आणि बेग-विटेटनी त्यांच्याकडून ते शिकून घेतलं.

आणि काका, "मुसलमानी घुमट" म्हणालात त्यावर एक प्रेमाने सांगते, दख्खनचा घुमट म्हणा. या मातीतल्या कारागिरांनी, इथल्या दगडात, इथल्या चुन्यात उभं केलेलं काम आहे ते.

इतकं मोठं पोस्ट त्या काळात लागायचं कशाला? एवढी पत्रं लिहायला लोक शिकलेले तरी होते का? (कॉलेजची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

अगं, हा खरा प्रश्न! इमारत का बांधली हे समजलं की ती कुठे आणि कशी बांधली तेही समजतं.

१८६९ ला सुएझ कालवा उघडला आणि विलायतेहून येणारी बोट मुंबईला लवकर पोचायला लागली. तेव्हापासून विलायती टपाल देशात शिरायचं ते मुंबईच्या दारातून, मग ते दिल्लीचं असो की कलकत्त्याचं. दर आठवड्याला बोट यायची, तिच्यातून थैल्यांचे ढीग उतरायचे आणि ते झटपट फोडून, निवडून, त्या त्या गाडीत चढवायचे. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला आगगाडी, पोस्ट पाहिजे तर दोन्हीच्या मधे पाहिजे. आता नकाशात जीपीओ बघ, व्हीटीला अगदी खेटून आणि गोदीपासून हाकेच्या अंतरावर. जागा अगदी हिशेबाने निवडलेली आहे.

तुला गंमत वाटेल अशी एक गोष्ट सांगते. त्या काळी समुद्रातलं पोस्ट होतं, सी पोस्ट ऑफिस म्हणायचे. एडन ते मुंबई या प्रवासात बोटीवरच टपाल खात्याचे लोक असायचे आणि ते हलत्या बोटीत बसून पत्रं निवडायचे, म्हणजे बोट धक्क्याला लागेपर्यंत थैल्या गावोगावच्या नावाने तयार. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं आणि ते समुद्रातलं पोस्ट बंद झालं, निवडायचं काम जमिनीवर मुंबईत आलं. जीपीओची इमारत पुरी होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. जुन्या जागेत हा बोजा आला असता तर काय झालं असतं कोणास ठाऊक.

शिकलेल्या लोकांचं म्हणशील तर सही करता न येणारा माणूसही पत्र पाठवायचा. जीपीओच्या समोर कबुतरखान्याच्या बाजूला ताडपत्रीखाली पत्रलेखक बसायचे, पुढ्यात छोटं टेबल, शाई, लाख, मेणबत्ती, सुई-दोरा. माणूस आपल्या बोलीत बोलायचा आणि ते लिहून द्यायचे, मराठी, हिंदी, उर्दू, जशी गरज तशी. आई आजारी आहे, शेत गहाण पडलं, पोरीचं जमलं, सगळं त्यांच्या कानावरून गेलेलं. पुढे लोक शिकले, फोन आले, आणि हेच लोक पार्सलं शिवून द्यायला लागले. लोणच्याची बरणी पुठ्ठ्यात घालून वर मांजरपाटाचं कापड, सुईने धोपटटाका, गाठीवर वितळलेल्या लाखेचा थेंब आणि त्यावर ठसा. मी लहानपणी त्या लाखेच्या वासासाठी तिथे रेंगाळायचे, बाबा हात धरून ओढायचे तरी.

माझे सासरे लालबागला गिरणीत होते, दर महिन्याला मनीऑर्डर यायची. ती याच पोस्टातून येत होती का हो? (आजी, वय ७८, गुहागर तालुका)

आजी, तुमचं पत्र हाताने लिहिलेलं आलं आणि तेही पोस्टाने, ते मी जपून ठेवलंय.

सासऱ्यांनी पैसे भरले असतील ते बहुतेक लालबाग-परळच्या नाहीतर गिरणीजवळच्या पोस्टात, प्रत्येकाला काही बोरीबंदरला यायला नको होतं. पण गिरणगाव आणि कोकण, गिरणगाव आणि सातारा-कोल्हापूरचा घाटमाथा, यांच्यामधला जो पैशांचा पाट वाहत होता तो चालवणारं खातं हेच, आणि मुंबईत त्याचा कारभार या घुमटाखालून चालायचा. आपल्याकडे मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली. त्याच्या आधी गावी जाणाऱ्या माणसाच्या कनवटीला पैसे बांधून द्यायचे आणि देवाचं नाव घ्यायचं.

नव्या मुलांसाठी सांगते कशी असायची ती. एक लांबट फॉर्म, वर रक्कम आकड्यात आणि अक्षरी, मग घेणाऱ्याचं नाव-गाव-पोस्ट-तालुका, आणि खाली एक छोटं कुपन. त्या कुपनावर दोन ओळी मजकूर लिहिता यायचा, तेवढ्यात सगळा संसार बसवायचा. "पैसे पाठवले आहेत. बाबूची फी भरणे. गणपतीला येतो." झालं. वीस रुपयांना एक रुपया कमिशन होतं शेवटच्या काळात. मग गावी पोस्टमन खाकी पिशवी घेऊन यायचा, ओटीवर बसायचा, पाणी प्यायचा, रोख पैसे मोजून द्यायचा, सही येत नसेल तर शाईचा अंगठा आणि शेजारच्या एका साक्षीदाराची सही, आणि बऱ्याचदा ते कुपनही तोच वाचून दाखवायचा. अंगठा उठलेली पोच परत मुंबईला. गावकीच्या खोलीत, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या मुंबईतल्या खोलीत, एका दांडीला वीस-वीस जणांचे कपडे आणि ट्रंकेत सगळ्यात खाली त्या पोचांची चळत, दोऱ्याने बांधलेली. बायकोच्या अंगठ्याचा तो ठसा म्हणजे घरी सगळं ठीक आहे याची खूण.

कोकणात रस्ते धड नव्हते तेव्हा बोटीनेही टपाल जायचं, बंदराला बोट लागली की माणसांच्या आधी थैल्या उतरायच्या. तुमच्या बाजूला तर ते बघितलेले लोक अजून असतील.

तुम्ही लिहिलंय की एका वर्षी एकदम यायचीच बंद झाली. आजी, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप कधी मिटलाच नाही. गिरणगावात भोंगे थांबले तेव्हा गुहागरात पोस्टमनची वाट बघणं थांबलं. बाबा त्या वर्षाबद्दल घरी फार बोलत नसत, एवढंच म्हणाले होते एकदा की कोकणच्या थैल्या हातात घेतल्या की हलक्या लागतात. पुढे २०१५ मध्ये ती कागदी मनीऑर्डरच खात्याने बंद केली.

माझ्या नजरेत ही इमारत आपली झाली ती या पैशांनी. बांधली सरकारने साहेबाच्या टपालासाठी, पण तिला वापरून वापरून स्वतःची केली ती अंगठा उठवणाऱ्या माणसांनी.

याच्या आधी जीपीओ कुठे होती? (एक वाचक, ठाणे)

फ्लोरा फाउंटनला, म्हणजे हुतात्मा चौकात. मुंबईला जीपीओ आली १७९४ मध्ये, त्यानंतर जागा बदलत गेली, आणि १८६९ ते १८७२ मध्ये ट्रबशॉ आणि पॅरिस या दोन आर्किटेक्टनी तिच्यासाठी फ्लोरा फाउंटनला खास इमारत बांधली. ती पुरेना म्हणून बोरीबंदरची. जुन्या इमारतीत मग तारघर गेलं, सेंट्रल टेलिग्राफ ऑफिस, आणि आपण सगळे तिला सीटीओ म्हणूनच ओळखतो. तार आली म्हटलं की बायकांच्या डोळ्यांना आधी पदर लागायचा, ती तार १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, आदल्या दिवशी लोक रांगा लावून आठवण म्हणून तारा करत होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी १९५५ च्या नोव्हेंबरात लोक ज्या चौकात गोळ्या झेलत उभे राहिले त्याच चौकात ही जुनी जीपीओ आहे, तिकडे गेलात तर हुतात्मा स्मारकापुढे हात जोडून झाले की मान वळवून तिच्याकडेही बघा.

जीपीओखालून भुयार आहे आणि ते गेटवेपर्यंत जातं असं लहानपणापासून ऐकतोय. (एक वाचक, कल्याण)

ही गोष्ट मीही बाबांना विचारून विचारून भंडावलं होतं. भुयाराच्या गोष्टी त्या भागात उगाच नाही उगवल्या, तिथे खरोखरचा किल्ला होता. डोंगरीच्या जुन्या किल्ल्याच्या जागी १७६९ मध्ये इंग्रजांनी फोर्ट जॉर्ज बांधला आणि १८६० च्या दशकात मुंबईचा कोट पाडला तेव्हा तोही पाडला. पण सगळा नाही पडला. जीपीओच्या मागे सेंट जॉर्ज हॉस्पिटल आहे, नावातच किल्ला आहे बघा, त्याच्या आवारात त्या कोटाच्या जाड भिंतीचा तुकडा अजून उभा आहे. पेशंटला डबा घेऊन जाणारी माणसं रोज त्याच्या बाजूने जातात. भुयारापेक्षा मला ती भिंत जास्त आवडते, तिला हात लावता येतो.

४००००१ हा पिनकोड जीपीओचाच का? आणि पिनकोड मराठी माणसाने काढला हे खरं का? (आठवीतला विद्यार्थी, औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर)

बाळा, दोन्हींचं उत्तर हो.

पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. टपाल खात्यात श्रीराम भिकाजी वेलणकर म्हणून मोठे अधिकारी होते, कोकणातले, आणि संस्कृतचे कवी-नाटककार. दिवसा टपाल आणि उरलेल्या वेळात संस्कृत काव्य. त्यांनी ही सहा आकड्यांची पद्धत बसवली. अडचण काय होती तर एका नावाची गावं ढिगाने. आपल्याकडेच बघ ना, वडगाव किती, पिंपळगाव किती, नांदगाव किती. त्यात पत्ता कोणी मोडी लिपीत लिहिणार, कोणी कन्नडमध्ये, कोणी बंगालीत, आणि अक्षर असं की लिहिणाऱ्यालाच परत वाचता येऊ नये. बाबा सांगायचे, जुना सॉर्टर अक्षर बघून गाव ओळखायचा, पण तो रजेवर गेला की थैली अडलीच.

आता आकडे बघ. पहिला आकडा म्हणजे देशातला मोठा विभाग. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. असे आठ विभाग प्रदेशांचे आणि ९ हा आकडा लष्कराच्या टपालाला. दुसरा आकडा पोटविभाग, तिसरा सॉर्टिंगचा जिल्हा. म्हणून ४०० दिसलं की मुंबई आणि लगतचा भाग, ४०३ दिसलं की गोवा, ४११ दिसलं की पुणे, ४३१ दिसलं की तुमचा भाग. शेवटचे तीन म्हणजे प्रत्यक्ष ज्या पोस्टातून पत्र वाटायला निघणार ते पोस्ट. मुंबईच्या यादीत पहिलं पोस्ट जीपीओ, म्हणून ००१. तुमच्या शहराचं मुख्य पोस्टही ४३१००१ आहे, त्याच हिशेबाने. तुझ्या घरच्या पत्त्याचे शेवटचे तीन आकडे कोणत्या पोस्टाचे ते एकदा तिथे जाऊन विचार आणि मला लिही.

मे महिन्यात मुलांना घेऊन मुंबईत येतोय. आत जाऊन बघता येतं का? तिकीट असतं का? (एक वाचक, सोलापूर)

तिकीट कसलं हो, चालू पोस्ट आहे ते! कामाच्या दिवशी या, रविवार सोडून. सीएसएमटीच्या बाहेर पडलं की वालचंद हिराचंद मार्गाला अगदी लागून, पाच मिनिटंही लागत नाहीत. सरळ मधल्या हॉलमध्ये जा आणि घुमटाच्या बरोबर खाली उभे राहा, आधी खालची गर्दी बघा आणि मग मान वर करा. मुलांना सांगा वरच्या मजल्यांच्या कमानी मोजायला, ती आपोआप गप्प होतात. फोटो काढायचा तर आधी तिथल्या कोणाला तरी विचारा, सरकारी ऑफिस आहे आणि लोक आपापलं काम करत असतात.

एक गोष्ट खुपेल ती आधीच सांगते. दगडाच्या फटीतून उगवलेली पिंपळाची रोपं, लोंबणाऱ्या वायरी, खिडकीतून बाहेर आलेले एसीचे डबे, हे दिसेल. मला ते बघून दर वेळी वाईट वाटतं. शंभरहून जास्त वर्षांची ही इमारत शहराच्या हेरिटेज यादीत आहे, आणि पिंपळाचं रोप वीतभर असताना उपटायला एक माणूस आणि एक शिडी पुरते, तेच हातभर झालं की दगड फुटतो. तुम्हाला दिसलं तर तिथल्या तक्रार वहीत लिहा, दहा जणांनी लिहिलं तर नोंद होते.

पण तरी मी म्हणेन की ही इमारत ज्या कामाला बांधली ते काम तिच्यात अजून चालू आहे, हे तिचं भाग्य. मुंबईतल्या किती जुन्या इमारतींचं हॉटेल झालं, किती कुलूप लावून पडल्यात. इथे अजून कोणीतरी आजोबा पासबुक भरायला येतात, कोणी पोरगा नोकरीचा अर्ज स्पीड पोस्टाने टाकायला धावत येतो. म्हणून नुसतं बघून परत फिरू नका, काहीतरी काम करा तिथे. तिकिटं जमवणाऱ्यांसाठी वेगळा काउंटर आहे, फिलाटेलिक ब्युरो, तिथे मुलांना नवीन तिकिटांचे संच मिळतील, त्यावर कोणकोणती माणसं आणि पक्षी आहेत ते बघण्यात त्यांचा अर्धा तास जाईल. नंतर वेळ असेल तर काळा घोड्याला म्युझियम बघा, विटेटचंच काम, आणि तिथल्या घुमटावरही विजापूरची छाया आहे, मुलांना विचारा दोन्हींत काय सारखं दिसतं.

आणि निघायच्या आधी पोस्टकार्डं घ्या. पन्नास पैशांना एक मिळतं. आपल्याकडे पहिलं पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला निघालं तेव्हा पाव आणा किंमत होती. प्रत्येक मुलाच्या हातात एक कार्ड द्या, तिथल्याच टेबलावर उभं राहून स्वतःच्याच सोलापूरच्या पत्त्यावर दोन ओळी लिहायला सांगा, आज काय बघितलं ते, आणि तिथल्याच पेटीत टाका. घरी पोचल्यावर रोज दुपारी पोस्टमनची वाट बघतील. पिनकोडचे सहाही आकडे लिहिलेत ना तेवढं मात्र टाकायच्या आधी बघा.